मेदाचे माप व युरिक आम्ल

राजूरच्या प्रदर्शनात डांगी जनावरांची पारख कशी होते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जाणता शेतकरी बैलाभोवती दोन फेऱ्या मारितो, पाठीवरून हात फिरवितो, कातडी चिमटीत धरून पाहतो, छातीचा घेर, खांदा, खूर व चाल ह्या सर्वांचा विचार करितो आणि मग आपले मत देतो. बैल किती किलो भरला, एवढ्या एकाच आकड्यावर कोणी त्याची योग्यता ठरवू लागला तर त्यास सगळा बाजार हसेल. परंतु तोच शेतकरी, आणि त्याच्या मुलांस शिकविणारे आम्ही शिक्षकही, स्वतःच्या देहाविषयी बोलताना एकच आकडा पुढे करितो: 'माझे वजन अमुक किलो.' वजन बेताचे असले म्हणजे प्रकृती निर्दोष आहे, अशी आपण समजूत करून घेतो. ही समजूत कशी अपुरी आहे, आणि देहातील चरबीचे माप व रक्तातील युरिक आम्ल ह्यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे ह्या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास आमचाच पाय कारण झाला. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या सणानंतर तिसऱ्या रात्री उजव्या पायाचा अंगठा एकाएकी ठणकू लागला. पहाटेपर्यंत तो लाल होऊन इतका सुजला की, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. पुढे सूज उतरल्यावर रक्त तपासले, तेव्हा युरिक आम्ल ८.१ निघाले. ही बातमी बाहेर जाताच सल्ल्यांचा पाऊस पडला. डाळ सोडा, टोमॅटो सोडा, पालक तर घरात आणू नका, असे जो तो सांगू लागला. आम्ही दोन महिने डाळीस स्पर्श केला नाही. पुन्हा रक्त तपासले, तो आकडा जवळजवळ होता तेथेच. तेव्हा डॉक्टरांनी आमच्या वजनाचा आकडा बाजूस ठेविला आणि खणातून शिंप्याची फीत काढिली. आमची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. आणि कंबरेचा घेर भरला ९४ सेंटिमीटर! हातपाय काटकुळे असल्यामुळे सदऱ्याआड दडलेल्या पोटाची दखल आम्ही कधी घेतलीच नव्हती. 'गुरुजी, तुमचे दुखणे डाळीच्या वाटीत नाही, ह्या फितीत आहे,' असे डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी जे वाचन केले, त्याचेच सार पुढे देत आहो.

युरिक आम्ल म्हणजे काय?

आपल्या देहातील बहुतेक पेशींच्या केंद्रात अनुवंशाचे द्रव्य असते. त्याच्या घटकांपैकी अॅडेनीन व ग्वानीन हे दोन पदार्थ 'प्युरीन' ह्या वर्गात मोडतात. जुन्या पेशी मोडतात, नव्या घडतात. ह्या मोडतोडीत प्युरीनचे विघटन होऊन शेवटी जे द्रव्य उरते तेच युरिक आम्ल होय. देहातील युरिक आम्लाचा मोठा भाग अशा रीतीने देहातच तयार होतो. अन्नातून येणारा वाटा त्याहून लहान असतो. आमची डाळ सुटली तरी आकडा का हलला नाही, ह्याचे एक उत्तर येथेच मिळते.

हे द्रव्य स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले ह्यांनी १७७६ साली मूतखड्यातून वेगळे केले. १८४८ साली इंग्लंडात गॅरड नामक वैद्यांनी, पायाच्या अंगठ्याच्या ह्या ठणक्याच्या रोग्यांच्या, म्हणजे इंग्रजीत ज्यास गाऊट म्हणतात त्या रोगाने पीडलेल्यांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते, हे दाखवून दिले. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या देहात युरिकेज नावाचे एक विकर असते. ते युरिक आम्लाचे रूपांतर अॅलँटॉइन ह्या सहज विरघळणाऱ्या द्रव्यात करिते. मनुष्य व मोठी वानरे ह्यांच्या पूर्वजांतून हे विकर लक्षावधी वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. आमच्या डांगी बैलापाशी जी सोय आहे, ती त्याच्या धन्यापाशी नाही.

रक्तातील युरिक आम्ल दर १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजितात. पुरुषांत सुमारे ७ व स्त्रियांत सुमारे ६ ही वरची मर्यादा मानतात. ह्या आकड्यांमागे साधे रसायनशास्त्र आहे. ऊन पाण्यात जितकी साखर विरघळते तितकी थंड पाण्यात विरघळत नाही, हे प्रयोगशाळेत आपण पाहिलेच आहे. ३७ अंश उष्णतेच्या रक्तात ह्या आम्लाचे क्षार सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच विरघळून राहतात. त्यापलीकडे गेल्यास सुईसारखे बारीक स्फटिक बनण्याचा संभव उत्पन्न होतो. आणि पायाचा अंगठा देहाच्या इतर भागांहून थंड असल्यामुळे बहुधा तेथेच ते प्रथम जमतात. मग पांढऱ्या पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात, आणि त्या लढाईचा दाह म्हणजेच तो असह्य ठणका.

प्राचीनांसही हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेत वातरक्ताचे वर्णन आहे, व त्यास 'आढ्यवात', म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव दिले आहे. सुकुमार, सुखाने खाणारे व पायी न चालणारे लोक ह्यास बळी पडतात, असे ते शास्त्र सांगते. पवित्र शास्त्रात यहूदाचा राजा आसा ह्यास कारकिर्दीच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पायांचा रोग जडला अशी नोंद आहे. तो हाच रोग असावा असे कित्येकांचे अनुमान आहे. सारांश, बसून खाणारा व अंगाने भरलेला मनुष्य आणि हा रोग ह्यांची सांगड जुनी आहे. 'अंगाने भरलेला' म्हणजे नेमका किती, आणि कोठे, हा प्रश्न मात्र अलीकडचा आहे. त्याचे उत्तर मोजमापावाचून मिळत नाही.

मेद मोजण्याच्या रीती

बेल्जियमचे गणिती क्वेटले ह्यांनी १८३२ साली असे दाखविले की, प्रौढ मनुष्यांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागिले असता जो आकडा येतो, त्यास १९७२ साली अमेरिकेतील अॅन्सेल कीज व त्यांचे सहकारी ह्यांनी जे नाव दिले, ते आज बीएमआय म्हणून सर्वतोमुखी झाले आहे. आमचेच गणित करून पाहा. उंची १.६५ मीटर; तिचा वर्ग २.७२२५. ह्याने ६१ ला भागिले म्हणजे २२.४ येतात. आपल्या देशातील प्रौढांस २३ च्या आत असावे असे सांगतात. तेव्हा ह्या परीक्षेत आम्ही उत्तीर्ण!

परंतु ह्या मापात एक उणीव आहे. ते स्नायू व चरबी ह्यांत भेद करीत नाही. तालमीतला पहिलवान व खुर्चीतला कारकून ह्यांचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून दुसऱ्या रीती निघाल्या. दंडाच्या मागील बाजूस व खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची घडी विशिष्ट चिमट्यात धरून तिची जाडी मोजितात. दुसऱ्या एका यंत्राने देहातून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडितात. पाण्याने भरलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबी त्यास अडविते, आणि ह्या अडथळ्यावरून चरबीचे प्रमाण काढितात. क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटाच्या आतील, आतड्यांभोवतालची चरबीही पाहता येते. मात्र त्यास मोठ्या शहरातील रुग्णालय व पुष्कळ पैसा लागतो.

ह्या सर्वांत गरिबाच्या उपयोगी पडणारे साधन म्हणजे फीत. शेवटची बरगडी व कमरेचे हाड ह्यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून झाल्यावर, फीत न आवळता घेर मोजावा. पोट आत ओढून मोजणारा दुसऱ्या कोणास नव्हे, स्वतःसच फसवितो. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० च्या आत असावा. ह्याहूनही लक्षात ठेवण्यास सोपा नियम असा की, कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. आमच्या उंचीची निमपट ८२.५, घेर ९४. ह्या दुसऱ्या परीक्षेत आम्ही साफ नापास!

एकाच मनुष्याचे असे दोन निकाल कसे लागावे? ह्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते आपल्या पुण्यात आहे.

पुण्याचे दोन धडे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. छायाचित्रातही दोघे सडसडीतच दिसतात. परंतु देहातील चरबी मोजिली तेव्हा युडकिनांच्या देहात ती शेकडा ९.१ व याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२ भरली. २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे छायाचित्र व हे आकडे प्रसिद्ध झाले, आणि वरून कृश व आतून मेदयुक्त अशा भारतीय देहाचा तो एक नमुनाच होऊन बसला.

दुसरा धडा तान्ह्या बालकांचा आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी गरोदर माता व त्यांची मुले ह्यांची मोजमापे घेतली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. तुलनेस घेतलेल्या इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी व पोटातील अवयवांनी पुष्कळच लहान होती; पण फऱ्याखालील कातडीची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे वजनात तूट आली ती मांसात आली, मेदात तितकी आली नाही. माता अर्धपोटी असली म्हणजे तिच्या उदरातील बालक टंचाईच्या दिवसांसाठीच जणू घडविले जाते. पुढे त्या बालकास पोटभर अन्न व बैठे काम मिळाले की, चरबी साठते ती बहुधा पोटात.

ही गोष्ट आम्हां डोंगराळ भागातील लोकांनी विशेष मनावर घेण्यासारखी आहे. भात व नागलीच्या शेतात राबणारे, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाटा तुडविणारे आमचे आजे-पणजे काटक होते. त्यांची नातवंडे आज मोटारसायकलवरून अकोल्यास जातात व कचेरीत बसतात. अंग तेच आहे. काम बदलले आहे. 'आम्ही बारीक, आम्हांस श्रीमंतांचे रोग कशाचे?' असे म्हणण्याचे दिवस राहिले नाहीत.

चरबी व आम्ल ह्यांचा दुवा

फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग ह्यांनी १९४७ साली असे मांडिले की, सर्व लठ्ठपणा एकजात नसतो. कोणाची चरबी मांड्या व नितंब ह्यांवर साठते, तर कोणाची धडाच्या वरच्या भागात व पोटावर. १९५६ च्या आपल्या निबंधात त्यांनी ह्या दुसऱ्या प्रकाराचा संबंध मधुमेह, रक्तवाहिन्यांचे काठिण्य, गाऊट व युरिक आम्लाचे खडे ह्यांच्याशी जोडिला. पुढे १९९७ च्या सुमारास जपानी वैद्यांनी पोटाच्या आतील चरबी क्ष-किरणांनी मोजून, ती जितकी अधिक तितके रक्तातील युरिक आम्ल अधिक, असा निकटचा संबंध निरोगी पुरुषांतही दाखविला. अमेरिकेत हजारो पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, २००५ साली असे दिसून आले की, बीएमआय २१ ते २३ असणाऱ्यांच्या मानाने २५ ते ३० च्या दरम्यान असणाऱ्यांस गाऊट होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट व ३५ च्या वर असणाऱ्यांस जवळजवळ तिप्पट होते.

हे असे का होते, ते समजण्यास भंडारदऱ्याच्या धरणाचा दृष्टान्त घेऊ. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या धरणातील पाण्याची पातळी दोन कारणांनी चढते. पाऊस अधिक झाला तरी चढते. आणि पाऊस तेवढाच असून दारे कमी उघडली तरीही चढते. रक्तातील युरिक आम्लाचेही तसेच आहे. रोज उत्सर्जित होणाऱ्या आम्लापैकी सुमारे दोन-तृतीयांश मूत्रपिंडांवाटे व उरलेले आतड्यांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे ते गाळतात खरे, पण गाळलेल्यापैकी बहुतेक पुन्हा रक्तात परत घेतात. किती परत घ्यावयाचे, ह्यावर पातळी अवलंबून असते.

आता चरबीकडे येऊ. पोटातील मेद हा नुसता निजलेला साठा नव्हे. त्यातून मेदाम्ले सुटतात व थेट यकृताकडे जातात. त्यामुळे इन्सुलिन ह्या स्रावाचे काम मंदावते. काम होईना म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडू लागते. यकृत व स्नायू ह्या हाकेस बहिरे झाले असले तरी मूत्रपिंडे बहिरी झालेली नसतात; अधिक इन्सुलिनच्या प्रभावाने ती मीठ व युरिक आम्ल ही दोन्ही अधिक प्रमाणात परत घेतात. म्हणजे धरणाची दारे अर्धवट मिटली! दुसरीकडे, यकृताकडे मेदाम्लांचा ओघ वाढल्याने युरिक आम्लाची निर्मितीही वाढते, असे जपानी संशोधनावरून दिसते. म्हणजे पाऊसही वाढला. दोन्ही बाजूंनी पातळी चढते ती अशी.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण कशावरून? कोंबडा आरवतो व सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्याने सूर्य उगवविला असे होत नाही. प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरे दोन. जन्मतःच ज्यांच्या अनुवंशात स्थूलतेकडे कल आहे, त्यांचे युरिक आम्लही अधिक आढळते. उलट, ज्यांच्या अनुवंशात केवळ युरिक आम्ल वाढविणारा गुण आहे, ते त्यामुळे स्थूल झालेले आढळत नाहीत. आणि दुसरे असे की, मेद हळूहळू उतरविला असता युरिक आम्लही उतरते. तथापि हे एकच कारण नव्हे. आनुवंशिकता, मूत्रपिंडांचे विकार, रक्तदाबावरील काही औषधे, मद्य आणि स्त्रियांत मासिक पाळी बंद होण्याचे वय, ह्यांचाही हात असतो. म्हणून फितीवरून युरिक आम्लाचा आकडा सांगता येत नाही. फीत धोक्याची सूचना देते. निकाल रक्ताची परीक्षाच देते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, गरिबाच्या ताटातील डाळ काढून घेऊ नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेतला होता. त्यात मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांस गाऊट अधिक झाला; परंतु प्युरीनयुक्त भाज्या व कडधान्ये खाण्याने तो वाढलेला दिसला नाही, आणि साय काढलेल्या दुधाने तर कमी झाला. तेव्हा आवरावयाचे ते सागुती, कलेजी व सुकट-बोंबील, वरण नव्हे. आमटीवर वाढणाऱ्या कुटुंबात कर्त्या पुरुषासाठी डाळ बंद झाली, तर प्रथिनांची तूट मुलांस सोसावी लागते. आमच्या घरी ते दोन महिने घडले, ह्याची आम्हांस आजही खंत वाटते.

दुसरी गोष्ट, साखरेचा हात आखडावा. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथे हे बोलणे कित्येकांस रुचणार नाही. परंतु साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि यकृतात त्याचा व्यय होताना युरिक आम्ल तयार होते. बाटलीबंद गोड पेये ह्या कामी विशेष घातक. मद्याविषयी ह्या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगणे नको. बिअर तर ह्या रोगाची सख्खी बहीण आहे.

तिसरी गोष्ट, उतावीळपणा करू नये. कडक उपाशी राहून झटपट वजन उतरविल्यास देहातील चरबी जळून जी द्रव्ये निघतात, ती मूत्रपिंडात युरिक आम्लाची वाट अडवितात, आणि आम्ल उलट वाढते. उपवासकाळ पाळणाऱ्या आमच्या बांधवांनी, त्यांस हा विकार असल्यास, पाणी भरपूर प्यावे व डॉक्टरांस विचारूनच उपवास करावा.

चौथी गोष्ट, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून मनास येईल तितके दिवस खाऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे दुखावतात, म्हणजे ज्या दारांवर सारी भिस्त तीच मोडतात. तसेच नुसता आकडा वाढला व ठणका कधीच आला नाही, तर बहुधा औषध लागत नाही. युरिक आम्ल वाढलेल्या सर्वांसच गाऊट होतो असे नाही. वारंवार ठणका येऊ लागला मात्र औषध टाळू नये. हा निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्याचा नव्हे.

विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. घरी जाऊन आईवडिलांची उंची व कंबर मोजा आणि भागाकार करून त्यांस निमपटीचा नियम समजावून सांगा. मात्र वर्गातील एखाद्या स्थूल मुलास ह्या लेखाच्या आधारे चिडवाल तर लेख व्यर्थ गेला असे आम्ही समजू. प्रौढांचे बीएमआयचे आकडे वाढत्या वयाच्या मुलांस लागूही पडत नाहीत. शिवाय हिणविणाऱ्याचाच देह आतून मेदाने भरलेला असेल, हे पुण्याच्या उदाहरणावरून ध्यानात आलेच असेल.

आमच्या पायाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करितो. पहिलाच झटका म्हणून डॉक्टरांनी कायमचे औषध दिले नाही. डाळ पुन्हा ताटात आली. चहातील साखर गेली. रोज सकाळी पाऊण तास चालणे सुरू झाले. वर्षभरात वजन अवघे तीन किलो उतरले, पण कंबर ९४ वरून ८८ वर आली व युरिक आम्ल ८.१ वरून ७.० वर. निमपटीची मजल अजून साडेपाच सेंटिमीटर दूर आहे. अंगठ्याने पुन्हा तक्रार केली नाही, पुढे करणारच नाही असे म्हणवत नाही. देह हे देवाचे मंदिर आहे असे आम्ही प्रार्थनेच्या तासास वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या मंदिराचे माप घेण्यास मात्र वयाची चाळिशी उलटावी लागली. आमच्या विद्यार्थ्यांनी इतका उशीर करू नये. फीत दहा रुपयांस मिळते.